‘आय ऑपरेटेड माय मदर’: करून घेतलेल्या कामाचं इंग्रजी पुन्हा पुन्हा का बिघडतं

ऐरोलीला एका कंपनीत काम करणारा माझा एक विद्यार्थी आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आठवडाभर रजेवर होता. कामावर रुजू झाल्यावर त्याने परदेशात बसलेल्या मॅनेजरला मेल टाकला: ‘आय ऑपरेटेड माय मदर लास्ट वीक, सो आय वॉज ऑन लीव्ह.’ उत्तर आलं की आईंना लवकर बरं वाटो, आणि तू सर्जनही आहेस हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पोराने तो मेल वर्गात स्वतःच वाचून दाखवला. सगळे हसले, तोही हसला. मी फळ्यावर वाक्य दुरुस्त करून दिलं, त्याने वहीत उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात उशिरा आला आणि दारातूनच म्हणाला, ‘सॉरी मॅडम, आय वॉज रिपेअरिंग माय बाईक.’ हात स्वच्छ, शर्टाची इस्त्री शाबूत. बाईक अर्थातच गॅरेजमध्ये होती.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचला वागळे इस्टेटपासून घणसोलीपर्यंतची नोकरदार मंडळी येतात आणि हा बिघाड जवळजवळ प्रत्येकात असतो. मजा अशी की पुस्तकातला कॉझेटिव्हचा, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम सांगायच्या रचनेचा, धडा सगळ्यांचा झालेला आहे. गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर दहापैकी नऊ बरोबर येतात. तोंड उघडलं की मात्र प्रत्येक जण स्वतःचे केस स्वतःच कापतो. म्हणून इथे तो धडा पुन्हा शिकवत नाही. दुरुस्ती टिकत का नाही आणि गळती नेमकी कुठे आहे, तेवढंच बघू.

गळती मराठीत आहे

आपण रोज काय बोलतो ते आठवा. केस कापले. दात काढला. डोळे तपासले. ब्लाऊज शिवला. दिवाळीआधी घराला रंग दिला. मुलीचं लग्न केलं. यातलं एकही काम आपण आपल्या हाताने केलेलं नसतं आणि ते कुणाला सांगावंही लागत नाही. सलूनवाला, डेंटिस्ट, शिंपी, रंगारी हे सगळे वाक्याच्या बाहेर, उंबऱ्यापाशी उभे असतात. ज्याने काम ठरवलं, पैसे मोजले, धावपळ केली, तो मराठीत कर्ता होऊन बसतो. आईला हॉस्पिटलात नेणारा मुलगा ‘आईचं ऑपरेशन केलं’ म्हणतो, आणि शेजारच्या काकू ‘कुठे केलंत?’ एवढंच विचारतात.

पुस्तकातला नियम इथेच फसतो. तो म्हणतो, ‘करवून घेणे’ असा अर्थ असेल तेव्हा कॉझेटिव्ह वापरा. पण आपल्या डोक्यात ‘करवून घेतलं’ हे शब्द उमटतच नाहीत! ‘मी केस कापवून घेतले’ असं ठाण्यात कोण म्हणतं? नियमाची घंटा ज्या शब्दावर वाजायला हवी तो शब्दच येत नाही, मग घंटा वाजणार कशी.

म्हणून मी वर्गात घंटा बदलली. क्रियापदाकडे बघायचंच नाही. एकच प्रश्न विचारायचा: सलूनवाला कुठे आहे? म्हणजे हे काम प्रत्यक्ष कुणाच्या हाताने झालं? उत्तर ‘माझ्या’ असेल तर साधं वाक्य चालेल. उत्तर दुसरंच कुणी असेल तर इंग्रजीत त्याच्यासाठी जागा करावी लागते, त्याचं नाव घेतलं नाही तरी. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की आरशासमोर कात्री घेऊन तुम्ही स्वतः. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हटलं की सलूनवाला आत आला, खुर्ची फिरली, काम झालं.

आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा कॉझेटिव्हचीही गरज नसते, सरळ नाम वापरून सुटता येतं. ‘आय गॉट अ हेअरकट.’ ‘आय हॅड अ ब्लड टेस्ट.’ ‘शी हॅड अॅन एक्सरे.’ सर्जनच्या मेलचा सगळ्यात चांगला उतारा हाच होता: ‘माय मदर हॅड नी सर्जरी.’ यात मुलगा वाक्यातून बाहेर पडला आणि आई कर्ता झाली, कारण इंग्रजीला ऑपरेशन ज्याच्या शरीरावर झालं त्याचं वाटतं, ज्याने धावपळ केली त्याचं नाही. लग्नाचंही तसंच. ‘मी गेल्या वर्षी मुलीचं लग्न केलं’ याचं शब्दशः इंग्रजी, ‘आय मॅरिड माय डॉटर’, एका काकांनी वर्गात उच्चारलं तेव्हा मागच्या बाकावरून खोकल्याची साथ आली. ‘माय डॉटर गॉट मॅरिड लास्ट इयर’ एवढंच म्हणायचं. ज्याने मांडव घातला, जेवणावळी उठवल्या, त्या बापाला वाक्यात जागा नाही याचं काकांना वाईट वाटलं. मलाही थोडं वाटलं.

हेअरला मधे बसवा

आता ज्यांना सलूनवाला सापडतो, पण तरी वाक्य पडतं, त्यांच्यासाठी. शाळेत ‘हॅड’ म्हणजे पूर्ण भूतकाळ असं इतकं घोटलेलं असतं की ‘हॅड’ तोंडातून निघाला की लगेच क्रियापद त्याला चिकटतं: ‘आय हॅड कट माय हेअर.’ हे वाक्य व्याकरणात बसतं, म्हणून मनाला टोचतही नाही. पण अर्थ होतो, मी माझे केस आधीच कापलेले होते, माझ्याच हाताने. शब्द तेच, फक्त हेअरची जागा चुकली. ‘हॅड’ आणि ‘कट’ यांच्या मधे वस्तूला सरकून बसायला जागा द्यायची, लोकलमध्ये चौथ्याला देतो तशी: हॅड, माय हेअर, कट. गेट वापरलं तरी क्रम तोच: गॉट, द टँक, क्लीन्ड.

काळ बदलला तर काय, असा प्रश्न हमखास येतो. काळाचा सगळा भार हॅव किंवा गेट उचलतं. शेवटचं क्रियापद तिसऱ्या रूपात गप्प बसून राहतं. ‘वी आर गेटिंग द फ्लॅट पेंटेड.’ ‘आय विल गेट इट पेंटेड.’ ‘आय नीड टु गेट इट पेंटेड बिफोर गणपती.’ प्रश्न विचारतानाही ‘हॅड यू युअर हेअर कट?’ नाही, ‘डिड यू हॅव युअर हेअर कट?’

‘गॉट इट रिपेअर’

हा बिघाड पुस्तकांत सापडत नाही, कारण तो मराठीत शिरलेल्या इंग्रजीचा आहे. आपण म्हणतो: फ्रिज रिपेअर करून घेतला. फॉर्म सबमिट करून घेतला. आधार अपडेट करून घेतलं. मराठीत शिरलेलं इंग्रजी क्रियापद असं शेपूट कापून येतं आणि काळाचं ओझं ‘करणे’ वाहतं. वर्षानुवर्षं ‘रिपेअर’, ‘सबमिट’, ‘अपडेट’ असे बोडके शब्द जिभेवर बसलेले असतात. मग इंग्रजी बोलताना ‘करून घेतला’च्या जागी ‘गॉट’ येतो आणि पुढचा शब्द आहे तसाच घसरतो: ‘आय गॉट माय आधार अपडेट.’

ज्यांना वाटतं की आपल्याला इंग्रजी शब्द भरपूर येतात, त्यांनाच हा बिघाड जास्त होतो. ‘दळण आणलं’ याचं इंग्रजी करायला सांगितलं तर माणूस थांबतो, विचार करतो आणि ‘गॉट द व्हीट ग्राउंड’पर्यंत येतो, कारण ‘ग्राइंड’ हा शब्द मराठी वाक्यात त्याने कधी वापरलेला नसतो. ‘अपडेट’ला थांबायची गरजच वाटत नाही. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: आपल्या मराठीत घरच्यासारखे राहणारे असे दहा-बारा शब्द निवडा आणि त्यांना मोठ्याने शेपूट लावा. रिपेअर्ड, सबमिटेड, अपडेटेड, अटेस्टेड, व्हेरिफाइड, सर्व्हिस्ड, लॅमिनेटेड. ठाण्याहून गाडी सुटल्यापासून ऐरोली येईपर्यंत दोनदा होतात.

त्यालाच जोडून ‘कडून’चा घोटाळा. ‘प्लंबरकडून नळ बसवून घेतला’ यातल्या ‘कडून’चं आपण ‘फ्रॉम’ करतो: ‘गॉट द टॅप फिक्स्ड फ्रॉम द प्लंबर.’ वस्तू कुणाकडून आली तर ‘फ्रॉम’, काम कुणाच्या हाताने झालं तर ‘बाय’, आणि दुकानात किंवा केंद्रात झालं तर ‘अॅट’. ठाण्यात कुणाच्या कानाला ‘फ्रॉम’ खटकणार नाही, बहुतेक जण असंच बोलतात. परीक्षा द्यायची असेल किंवा बाहेरच्या क्लायंटला लिहायचं असेल तर मात्र बदला. आणि प्लंबरचं नाव महत्त्वाचं नसेल तर तो भाग गाळाच: ‘आय गॉट द टॅप फिक्स्ड.’ नळ तुम्ही नाही बसवला एवढं यातून पुरेसं कळतं.

लावणे, घेणे, देणे

आता वाक्यात दुसरा माणूस नावानिशी येतो तेव्हा. इथे मात्र मराठी मदत करते, कारण तीन वेगवेगळी क्रियापदं ती आपल्या हातात ठेवते. करायला लावलं: मेड. करून घेतलं: गॉट किंवा हॅड. करू दिलं: लेट. मूळ मराठी वाक्याचा शेवट ऐकला की इंग्रजीचं दार कोणतं ते समजतं.

बिघाड होतो तो ‘यला’मुळे. थांबायला लावलं, जायला लावलं, लिहायला लावलं. या ‘ला’चं आपण इमानेइतबारे ‘टु’ करतो: ‘ही मेड मी टु वेट.’ मेक, हॅव आणि लेट यांना हा ‘टु’ चालत नाही. ‘ही मेड मी वेट.’ ‘आय हॅड द वॉचमन ओपन द गेट.’ ‘दे लेट मी गो.’ एकटं गेट तेवढं ‘टु’ मागतं: ‘आय गॉट द वॉचमन टु ओपन द गेट.’ हेल्पला दोन्ही चालतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

एवढं पक्कं झालं की नवीनच दुखणं सुरू होतं. ‘टु नको, टु नको’ असं घोकलेला माणूस ‘आय वॉज मेड वेट’ म्हणू लागतो. कर्मणी झालं की ‘टु’ परत येतो: ‘आय वॉज मेड टु वेट फॉर टू आवर्स.’ असं का, हे मला कुणी दर वेळी विचारतं आणि दर वेळी मी सांगते की याच्यामागे तर्क शोधू नका, ही एक ओळ पाठ करा. लेटचं कर्मणी तर करूच नका, तिथे ‘आय वॉज अलाउड टु गो’ म्हणायचं.

व्याकरण बरोबर येऊनही माणूस अडचणीत येतो ती जागा वेगळी आहे. ‘सरांना सही करायला लावली’ असं आपण घरी गमतीत म्हणतो. ‘आय मेड माय बॉस साइन इट’ हे मेलमध्ये गेलं तर साहेबाची मान धरून सही घेतल्यासारखं वाचलं जातं. मेकमध्ये जबरदस्ती असते. गेटमध्ये थोडी मनधरणी, थोडा पाठपुरावा. हॅवमध्ये ‘सांगितलं आणि झालं’ असा अधिकार, म्हणून ते हाताखालच्या माणसाला किंवा पैसे देऊन लावलेल्या माणसाला शोभतं. अमेरिकेत ते जास्त ऐकू येतं, इंग्लंडात त्याच जागी गेट. साहेबांसाठी सगळ्यात सुरक्षित: ‘आय आस्क्ड हिम टु साइन इट, अँड ही डिड.’ त्यातलं ‘अँड ही डिड’ गाळू नका. नुसत्या ‘आस्क्ड’मध्ये सही झाली की नाही ते कळत नाही, जसं ‘सांगितलं’ आणि ‘करून घेतलं’ यांच्यात अख्खा आठवडा जाऊ शकतो.

‘समजावलं’चं ‘मेड देम अंडरस्टँड’ हाही तसलाच प्रकार. ‘आय मेड द क्लायंट अंडरस्टँड’ म्हणजे क्लायंट मंद होता, मी त्याला धडा दिला. ‘आय एक्स्प्लेन्ड इट टु द क्लायंट’ लिहा आणि सुखाने घरी जा.

उपायाचाच अपाय

दोन-तीन आठवड्यांनी काहींना मेक सगळीकडे दिसू लागतं. शाळेत शिकलेलं प्रयोजक क्रियापद त्यांना आठवतं: शिकणे–शिकवणे, बसणे–बसवणे, उठणे–उठवणे. मग ‘मुलाला उठवलं’चं ‘आय मेड हिम वेक अप’ होतं आणि ‘आजीला भरवलं’चं ‘आय मेड आजी ईट’. पहिल्यात निदान पोरगं दटावलं जातं, दुसऱ्यात आजीचे हाल डोळ्यांसमोर येतात. मराठी जे काम एका ‘व’ने करते त्यासाठी इंग्रजीत बहुतेक वेळा वेगळा शब्द तयार असतो: शिकवणे टीच, दाखवणे शो, भरवणे फीड, उठवणे नुसतं वेक. आधी तसा शब्द आहे का ते बघा, नसेल तरच मेक-गेटकडे जा.

थोडं विषयांतर करते, कारण हे मला फार आवडतं. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे अशा जोड्या आहेत ना, स्वर बदलला की करणारा दुसरा होतो? जुन्या इंग्रजीतही अशी सोय होती आणि तिचे अवशेष अजून शिल्लक आहेत. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे (झाड पाडणे; नापास होण्यातला फेल नव्हे, आणि फॉलच्या भूतकाळातला फेलही वेगळा). सिट बसणे, सेट ठेवणे, म्हणजे मुळात बसवणे. लाय आडवं असणे, ले आडवं ठेवणे. वर्गात हे सांगितलं की लाय आणि ले यांचा जुना गोंधळ आपोआप सुटतो, पाठांतर न करता.

अपायाचा आणखी एक नमुना. ‘आय हॅड माय फोन स्टोलन अॅट ठाणे स्टेशन’ हे वाक्य ऐकून एक ताई अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, म्हणजे मी चोरून घेतला का मुद्दाम? नाही. हाच साचा आपल्यावर ओढवलेल्या गोष्टीलाही चालतो आणि संदर्भाने अर्थ कळतो, पैसे देऊन कुणी फोन चोरवून घेत नाही. पण मनात शंका येत असेल तर ‘माय फोन वॉज स्टोलन’ म्हणा, पोलिसांनाही तेच सोपं पडतं.

किती काटेकोर राहायचं

सगळीकडे सलूनवाला शोधत बसू नका, असंही सांगायला हवं. इंग्रज स्वतः कुठे शोधतात? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली, ३४ किलोमीटर. ही लाइन कुणी बांधली? इंग्रजीत सर्रास लिहितात, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे बिल्ट इट. कंपनीच्या संचालकांनी काही घमेली उचलली नव्हती. कंत्राट फॅव्हिएल आणि फाऊलर यांच्याकडे होतं, आणि माती उपसली ती मजुरांनी. मोठ्या बांधकामाला इंग्रजीही मराठीसारखीच मालकाला कर्ता करते. म्हणून ‘वी आर बिल्डिंग अ हाऊस इन बदलापूर’ बिनधास्त म्हणा, तुमच्या हातात थापी आहे असं कुणी समजणार नाही. केसांच्या बाबतीतही ‘आय कट माय हेअर’ ढिलेपणाने बोलणारे इंग्रजीभाषक भेटतात. दात, डोळे, रक्त, ऑपरेशन इथे मात्र सूट नाही.

आणि ऑफिसमध्ये तर नाहीच. रबाळ्याला कारखान्यात देखभालीचं काम बघणारी एक मुलगी रोजच्या रिपोर्टमध्ये ‘आय टेस्टेड द सेफ्टी व्हॉल्व्ह’ लिहायची. तपासणी बाहेरचा माणूस करायचा; ती त्याला बोलवायची, सोबत उभी राहायची, कागद घ्यायची. मराठीत तिने ‘व्हॉल्व्ह टेस्ट केला’ म्हटलं असतं तर कुणीही बरोबर समजलं असतं. ऑडिटच्या वेळी तिला विचारलं गेलं की टेस्ट करायचं तुमचं प्रमाणपत्र दाखवा. तिच्याकडे ते असायचं कारणच नव्हतं. ‘आय हॅड द सेफ्टी व्हॉल्व्ह टेस्टेड बाय द व्हेंडर’ असं लिहिलं असतं तर प्रश्न व्हेंडरकडे गेला असता, जिथे प्रमाणपत्र होतं. ‘बाय’वाला भाग गाळला तरी चालतो असं मी वर म्हटलं, ते नळापुरतं. जिथे सही, जबाबदारी, पैसा आहे तिथे कुणाच्या हाताने झालं ते लिहाच.

सरावासाठी मी पुस्तकातली वाक्यं देत नाही. आपलाच घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडायचा आणि गेल्या महिन्यातले मेसेज वाचत जायचं. टाकी धुतली, ग्रिल बसवलं, पंक्चर काढलं, साडीला फॉल लावला. प्रत्येकापाशी थांबून विचारायचं, कुणी? आणि मग इंग्रजी. ‘पंक्चर काढलं’पाशी बहुतेक जण ‘रिमूव्ह’ शोधतात. ‘गॉट द पंक्चर फिक्स्ड’ म्हणा. चार दिवसांत उत्तर डोक्यात आधी येतं आणि वाक्य नंतर.

आमच्या सर्जनचंही तसं झालं. परवा पुन्हा उशिरा आला, दारात थांबला, दोन सेकंद विचार केला आणि म्हणाला, ‘सॉरी मॅडम, आय वॉज गेटिंग माय बाईक सर्व्हिस्ड अँड वॉश्ड.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाकावर बसला, मग पुन्हा उठून मराठीत म्हणाला, ‘मॅडम, पण धुतली मीच.’ पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.